प्रोसेसरची बैठक

‘संगणक मंदावलाय, नवा प्रोसेसर बसवला तर चालेल का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला आधी प्रोसेसरची बैठक, म्हणजे मदरबोर्डवरचं सॉकेट बघावं लागतं. एका गाजलेल्या सॉकेटवरून हे समजून घेऊ.

इंटेल कंपनीनं २००४ साली एलजीए ७७५ हे सॉकेट आणलं. त्याच्या लगेच आधीच्या पेंटियम ४ प्रोसेसरला खालून ४७८ बारीक पिना असत आणि सॉकेटला तेवढी भोकं. नव्या रचनेत उलट झालं. प्रोसेसरचा तळ सपाट झाला, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले ७७५ ठिपके आले आणि स्प्रिंगसारख्या लवचीक पिना सॉकेटमध्ये गेल्या. प्रोसेसर अलगद ठेवायचा, धातूची चौकट वरून मिटायची आणि दांडी दाबून अडकवायची. त्या दाबानं प्रत्येक ठिपका आपापल्या पिनेवर टेकतो. प्रोसेसर चुकीच्या दिशेनं बसू नये म्हणून कडेला दोन खाचाही असतात.

इतक्या पिना कशासाठी? मुख्य कारण वीज. या सॉकेटमधले काही पेंटियम डी प्रोसेसर १३० वॉटचे होते. त्यांना व्होल्टेज लागे साधारण १.३. भागाकार करून पाहा, प्रवाह येतो १०० अँपिअर! आपल्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो. एवढा प्रवाह एका बारीक पिनेला पेलणार नाही. म्हणून शेकडो पिना केवळ वीज आत आणायला आणि परत न्यायला राखलेल्या असतात. उरलेल्या बहुतेक पिनांतून माहितीची ये-जा चालते.

या रचनेत नाजूक पिना मदरबोर्डकडे गेल्या. बोटाच्या धक्क्यानं एखादी वाकली, तर सरळ करणं फार किचकट. सॉकेट बोर्डाला डाग देऊन पक्कं केलेलं असल्यानं अनेकदा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. म्हणून रिकाम्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. एएमडी कंपनीनंही घरगुती संगणकांच्या एएम५ सॉकेटसाठी २०२२ साली हीच पद्धत स्वीकारली. त्यात संपर्कबिंदू आहेत १७१८.

आता मूळ प्रश्न. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही. २००६ साली आलेला कोअर २ ड्युओ ७७५ मध्येच बसे, पण आधीच्या अनेक बोर्डांवर चालत नसे. चिपसेट, वीजपुरवठ्याची रचना आणि बायोस हे तिन्ही जुळावे लागत. २०१७ साली आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांसाठी ११५१ हाच आकडा कायम राहिला, तरी त्यांना नवे बोर्ड लागले. याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले. मात्र जुन्या बोर्डांचा बायोस अद्ययावत करावा लागे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मदरबोर्डचं मॉडेल आणि आवृत्ती लिहून घ्या. त्या बोर्डाच्या कंपनीनं दिलेल्या यादीत हवा तो प्रोसेसर आहे का आणि बायोसची कोणती आवृत्ती लागते, ते पाहा. यादीत नाव नसेल, तर नव्या बोर्डाचा आणि बहुधा नव्या मेमरीचाही खर्च धरा. एवढा हिशेब झाल्यावरच पैसे मोजा.