शिकून परतल्यावर काय?

1975 ते 1999 या पंचवीस वर्षांत जगाच्या बाजारात 1393 नवी औषधे आली. त्यांपैकी उष्ण कटिबंधातले आजार आणि क्षयरोग यांच्यासाठी फक्त 16 होती. 2002 साली हा हिशेब ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला तेव्हा औषधकंपन्यांना दोष दिला गेला, आणि तो योग्यच होता. गरिबाच्या आजारात नफा नाही, म्हणून त्यावर कोणी पैसा लावत नाही. पण याला दुसरीही एक बाजू आहे. काळा आजार, हत्तीरोग, निद्रारोग हे आजार ज्या देशांत आहेत, तिथे त्यांच्यावर संशोधन करू शकणारी माणसे तरी किती होती? रुग्ण एका देशात, प्रयोगशाळा दुसऱ्या देशात, आणि नमुने विमानाने तिकडे जात राहायचे, असा हा व्यवहार बराच काळ चालला. रुग्णांच्या देशातला शास्त्रज्ञ त्यात नमुने गोळा करून देणारा मदतनीस असायचा.

हे बदलावे म्हणून 1975 साली जीनिव्हात एक कार्यक्रम सुरू झाला. तो ‘टीडीआर’ या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला घर दिले. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक हे त्याचे भागीदार झाले, युनिसेफ पुढे सामील झाली. पहिले संचालक होते नायजेरियाचे अडेटोकुन्बो लुकास. नवी औषधे आणि निदानाच्या चाचण्या शोधणे हे कार्यक्रमाचे एक काम. आजार जिथे आहे तिथलेच शास्त्रज्ञ तयार करणे हे दुसरे, आणि ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले. या दुसऱ्या कामासाठी जी संशोधन-प्रशिक्षण अनुदाने दिली जातात, ती प्रत्यक्षात कशी चालतात ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. अटी वाचताना कटकटीच्या वाटतात, पण जवळजवळ प्रत्येक अटीमागे कधी तरी वाया गेलेला पैसा आणि वाया गेलेला माणूस आहे.

समजा, टांझानियातल्या एका जिल्हा संशोधन केंद्रात एक तरुण संशोधिका काम करते आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, डासांच्या जाती ओळखण्यात तरबेज. तिला पीएच.डी. करायची आहे. पहिली पायरी म्हणजे तिच्या संस्थेचे पत्र. अर्ज तिचा असला तरी अशा अनुदानात पहिला प्रश्न संस्थेला विचारला जातो. ती तुमच्याकडे नोकरीत आहे ना? तिला रजा देणार ना? परतल्यावर तिचे पद शाबूत राहील ना? आपल्याकडच्या सरकारी नोकरीत लियन ठेवतात, तशीच ही हमी. नुसती हुशार माणसे निवडून पाठवली, तर ती शिकतात आणि जिथे काम मिळेल तिथे राहतात. त्यांना दोष देता येत नाही. म्हणून दोर संस्थेला बांधलेला असतो.

दुसरी पायरी म्हणजे संशोधनाचा प्रश्न. ‘मलेरियाच्या डासांचा अभ्यास’ एवढ्यावर भागत नाही. तिच्या जिल्ह्यात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या गेल्या आहेत, तरी मलेरिया हटत नाही. डास त्या कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आहेत की माणसे मच्छरदाणीत शिरण्याआधीच, संध्याकाळी, चावू लागले आहेत? हा प्रश्न तिच्या गावातून उगवलेला आहे आणि त्याचे उत्तर तिथल्या आरोग्य खात्याच्या उपयोगाचे आहे. अर्ज तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीत आजारग्रस्त देशांतले संशोधकही असतात. प्रश्न नेमका आहे का, पद्धत झेपणारी आहे का, मार्गदर्शक कोण, त्याच्या प्रयोगशाळेत काय आहे, हे सगळे तिथे पाहिले जाते. मार्गदर्शकाने ‘विद्यार्थिनी कष्टाळू आहे’ असे लिहून भागत नाही. आपण तिला कोणते तंत्र शिकवणार आणि तिच्या देशात येऊन काय पाहणार, हे त्याने लिहावे लागते.

तिसरी पायरी शिकण्याच्या जागेची. उष्णकटिबंधीय वैद्यकाची पहिली नावाजलेली विद्यालये लिव्हरपूल आणि लंडनला, 1898 आणि 1899 साली निघाली. (त्याच 1899 साली परळला प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, आजची हाफकिन संस्था. ती रोगाच्या गावातच होती, हे विसरू नये.) त्यामुळे शिकायचे म्हणजे तिकडे जायचे, ही रीत पडली. पण तीन-चार वर्षे पूर्ण काळ तिकडे राहिलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध तिकडच्या यंत्रांवर आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या डासांवर होतो. परत आल्यावर ते यंत्र नसते आणि बाहेरचा डास पिंजऱ्यातल्यासारखा वागत नाही. यावर उपाय निघाला तो सँडविच पीएच.डी.चा. सुरुवातीचे काही महिने विद्यापीठात तंत्र आणि संख्याशास्त्र शिकायचे, मग मायदेशी येऊन क्षेत्रकाम करायचे, शेवटी पुन्हा जाऊन विश्लेषण आणि लेखन. दुसरा उपाय म्हणजे विद्यापीठच जवळचे निवडायचे. माझ्या मते या दुसऱ्या उपायाने जास्त काम झाले. एका खंडातल्या पाच देशांची मुले एका वर्गात बसली की पुढची वीस वर्षे ती एकमेकांना नमुने, पद्धती आणि सल्ला देत राहतात.

पैशाची पायरी थोडक्यात सांगतो. शिष्यवेतन, फी, विमानभाडे, विमा, क्षेत्रकामाचा खर्च आणि प्रयोगाचे साहित्य एवढे अनुदानात धरतात. घरचा पगार बहुधा संस्थेने चालू ठेवायचा असतो. रक्कम हप्त्याने येते. प्रगतीचा अहवाल आणि खर्चाचा हिशेब गेला की पुढचा हप्ता. आपल्याकडे युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी थांबलेल्या प्रत्येक संशोधकाला हे ठाऊक आहे.

खरी अडचण मंजुऱ्यांत येते. माणसांचे रक्त घ्यायचे, घराघरांत डास पकडायचे, तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. एक विद्यापीठाच्या समितीची, एक देशातल्या समितीची. भारतात परदेशी पैशावर आरोग्य-संशोधन करायचे तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावे लागते. या परवानग्या हव्यातच. त्यांच्यामुळेच गरीब रुग्ण कोणाच्या प्रयोगाचे साहित्य होत नाही. पण डास पावसाच्या वेळापत्रकाने येतात आणि अनुदान आर्थिक वर्षाच्या. परवानगी तीन महिने लांबली की मोसम हुकतो, आणि मोसम हुकला की एक वर्ष गेले. तीन वर्षांच्या अनुदानात एक वर्ष जाणे म्हणजे अर्धा प्रबंध जाणे. क्षेत्रकामाच्या अनुदानाची मुदत मोसमाप्रमाणे हलवता आली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आता सगळ्यात नाजूक पायरी, परतण्याची. पदवी मिळाली, ती परत आली. केंद्रातली तिची खोली दुसऱ्या कोणाला दिलेली आहे. फ्रीझर आहे, पण वीज जाते आणि जनरेटरला डिझेल नाही. रसायने मागवली ती बंदरावर कस्टममध्ये अडकली. केंद्रात पीएच.डी. झालेली ती एकटीच, म्हणून तिला बैठका, अहवाल आणि शिकवण्याचे तास दिले जातात. दोन वर्षे अशी गेली की शिकलेले तंत्र मागे पडते. मग परदेशातल्या मार्गदर्शकाचे पत्र येते, इथे एक जागा आहे. अशा वेळी ती गेली तर त्याला आपण बुद्धिवंतांचे स्थलांतर म्हणतो, जणू जाण्याचा निर्णय तिचा एकटीचा होता.

हा खड्डा भरायला टीडीआरने परतीनंतरचे वेगळे अनुदान काढले. प्रशिक्षण संपवून मायदेशी आलेल्या संशोधकाला स्वतःच्या नावावर स्वतःचा पहिला प्रकल्प चालवण्यासाठी पैसा. रक्कम मोठी नसते. पण त्या रकमेतून एक तंत्रज्ञ नेमता येतो, रसायने येतात, खेडोपाडी जायला गाडीचे भाडे देता येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रकल्पाची प्रमुख म्हणून तिचे नाव लागते. पुढचा मोठा अर्ज ज्या समितीकडे जातो, ती समिती आधी हेच पाहते. याच्या जोडीला संस्थेला मिळणारी अनुदाने होती, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि हिशेबाची घडी बसवण्यासाठी. माणूस आणि जागा दोन्ही एकत्र सुधारली तरच काही टिकते. टीडीआरने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा माग काढला तेव्हा बहुतेक जण मायदेशीच काम करताना आढळले.

थोडा पैसा योग्य माणसाच्या हाती पडला तर काय होते, याचे उदाहरण म्हणून नायजेरियाच्या उचे अमाझिगो यांचे काम मला नेहमी आठवते. वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठच्या काळ्या माशीतून एक कृमी माणसाच्या शरीरात जातो. त्याने दृष्टी जाते, म्हणून त्या आजाराला नदीकाठचे अंधत्व म्हणत, आणि सगळी मोहीम अंधत्वावरच बेतलेली होती. अमाझिगो व्हिएन्नात परजीवीशास्त्र शिकून परत आल्या आणि न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवू लागल्या. आसपासच्या खेड्यांतल्या बायकांशी बोलताना त्यांना दिसले की अंधत्व नसले तरी हा आजार त्वचेला सतत खाज आणतो, झोप उडवतो. त्वचा खराब झालेल्या मुलींची लग्ने अडतात, बायका घरातून दूर लोटल्या जातात. टीडीआरच्या अर्थसाह्याने त्यांनी हे मोजले. पुढे अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने तेच दाखवले. ज्या जंगलपट्ट्यांत अंधत्व कमी म्हणून कोणी लक्ष देत नव्हते, तेही आता मोहिमेत आले आणि 1995 साली आफ्रिकेसाठी नवा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या आजारावरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाच्या गोळ्या गावाने स्वतः, स्वतः निवडलेल्या माणसांकडून वाटायच्या, ही पद्धत टीडीआरच्याच अभ्यासातून सिद्ध झाली. अमाझिगो पुढे त्या कार्यक्रमाच्या संचालक झाल्या. जीनिव्हात बसून कोणाला ही खाज दिसली नसती.

आता अनुदानांचा रोख बदलला आहे. औषध आहे, मच्छरदाणी आहे, चाचणी आहे, तरी ती माणसापर्यंत का पोचत नाही, या प्रश्नावर भर आला आहे. 2015 साली टीडीआरने 7 विद्यापीठांत या अंमलबजावणी-संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. ढाक्याचे ब्रॅक, योग्यकार्ताचे गादजाह मादा, शिवाय घाना, झांबिया, दक्षिण आफ्रिका, लेबनॉन आणि कोलंबियातली विद्यापीठे त्यांत होती. दुसरा मार्ग आणखी आटोपशीर आहे. ‘सॉर्ट इट’ नावाच्या अभ्यासक्रमात आरोग्य खात्यातले नोकरदार काही आठवड्यांची शिबिरे करतात आणि मधल्या महिन्यांत आपल्याच दवाखान्याच्या नोंदवह्यांतून एका प्रश्नाचे उत्तर काढतात. ठरल्या तारखेला टप्पा पूर्ण झाला नाही तर पुढच्या शिबिराला बोलावले जात नाही. शेवटच्या शिबिरानंतर महिन्याभरात शोधनिबंध नियतकालिकाकडे गेलाच पाहिजे. ही शिस्त कडक आहे, पण तिच्यामुळे कामे कपाटात पडून राहत नाहीत.

भारताला ही कहाणी परकी नाही. काळ्या आजारावरचे तोंडाने घ्यायचे पहिले औषध, मिल्टेफोसिन, मुळात जर्मनीत कर्करोगासाठी तयार झाले. ते काळ्या आजाराच्या रुग्णांवर तपासले भारतीय डॉक्टरांनी, बिहारमध्ये, टीडीआरच्या भागीदारीत, आणि 2002 साली भारतात त्याला परवाना मिळाला. सेवाग्रामच्या जमनालाल बजाज संशोधन केंद्रात हत्तीरोगाच्या निदानावर अनेक वर्षे काम झाले आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2010 पासून अमेरिकी अनुदानावर मलेरियाचे संशोधन उभे राहिले. 2019 साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाविरुद्ध तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. गोळ्या फुकट होत्या, आशा ताई दारात येत होत्या. तरी अशा मोहिमांत काही जण गोळी घेतात, पण गिळत नाहीत. का, हे विदर्भातल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याइतके नीट कोण शोधू शकेल?

या अनुदानांची एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. प्रश्नांचा प्राधान्यक्रम बऱ्याचदा पैसा देणारे ठरवतात, आणि परदेशी पैसा थांबला की प्रयोगशाळाही थांबते. आपल्याच सरकारने तंत्रज्ञांचा पगार आणि विजेचे बिल उचलले, तरच बाहेरचे अनुदान शिकवण्याच्या कामी येते. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना आणि विद्यापीठांच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. तुमच्याकडचा एखादा तरुण अशा अनुदानाचा अर्ज घेऊन सहीसाठी आला, तर सही करा, आणि त्याच दिवशी तो परतल्यावर त्याला मिळणारी खोली, फ्रीझर आणि शिकवण्याच्या तासांतली सूट लेखी ठरवून ठेवा.