लहर आणि केंद्र

आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. स्थानिक केंद्राला स्वतःचे कार्यक्रम घडवण्याची मोकळीक मिळाली की काय होते, याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने 1955च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ ही गीतमालिका सुरू झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक. वर्षभरात 56 गीते झाली. केंद्राने कवी, संगीतकार आणि गायक एकत्र आणल्यानेच दर आठवड्याला नवे गीत उभे राहू शकले.

हे ‘गीतरामायण’ गावोगावी पोहोचवले मध्यम लहरींनी. पुण्याच्या 792 किलोहर्ट्झची लहर सुमारे 379 मीटर लांबीची. इतकी लांब लहर जमिनीलगत दूरवर जाते, डोंगराआडही पोहोचते. एफएमची जेमतेम तीन मीटरची लहर डोंगराआड लवकर क्षीण होते.

कोणी म्हणेल, मध्यम लहरीत खरखर फार, प्रक्षेपकाला वीजही भरपूर लागते. मोबाइलवर सगळे ऐकू येत असताना हा खर्च कशाला? खरखर आणि खर्च दोन्ही खरे आहेत, म्हणून तंत्र बदलायला हरकत नाही. पण नेटवर्क कोलमडलेल्या पुरात सेलवर चालणारा रेडिओ अजूनही उपयोगी पडतो. शिवाय प्रक्षेपक बंद करताना स्थानिक निर्मितीही आटली, तर पुढचे ‘गीतरामायण’ घडणार कुठे? लहर बदलावी, केंद्राचा स्वतःचा आवाज मात्र राखलाच पाहिजे.