‘अक्षय्यता’ : एका संज्ञेचा विचार

रासायनिक क्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांचे एकूण वस्तुमान क्रियेपूर्वी जेवढे असते, तेवढेच क्रियेनंतरही राहते. मराठी पाठ्यपुस्तकांत हा नियम ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ या नावाने येतो. नियम सोपा भासतो; परंतु व्यवहारातील भाषा त्यास अनुकूल नाही. मराठीत लाकूड ‘जळून जाते’ आणि चुना ‘विझतो’. ही क्रियापदे डोळ्यांस जे दिसते त्याचीच दखल घेतात. जे दिसत नाही त्याचा हिशेब ती ठेवीत नाहीत.

चुन्याचेच उदाहरण घ्यावे. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा आणि लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर येथील किल्ला ज्या काळातील आहे, त्या काळी पक्क्या बांधकामास चुनाच वापरीत. शुद्ध चुनखडी १०० किलो भट्टीत पूर्ण भाजली, तर कळीचा चुना ५६ किलो मिळतो. इंधनाचा हिशेब वेगळा ठेविला, तरी ४४ किलोंची ही घट ‘जळून गेली’ असे वाटते. वस्तुतः तो कार्बन डाय-ऑक्साइड वायू होऊन हवेत मिसळलेला असतो. पुढे चुना विझविताना १८ किलो पाणी त्याच्याशी संयोग पावते व वस्तुमान ७४ किलो होते. म्हणजे ‘विझलेला’ चुना उणा न होता भारी होतो. भिंतीत गेल्यावर तो दीर्घकाळाने हवेतील ४४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो चुनखडी बनतो. या फेऱ्यात अणूंची मांडणी तेवढी बदलते. एकही अणू नष्ट होत नाही वा नवा निर्माण होत नाही.

हा हिशेब वायू मोजल्याखेरीज जुळत नाही. लाव्हाझिएने १७७४ मध्ये बंद पात्रात कथील तापवून पाहिले, तेव्हा पात्रासह एकूण वजन बदलले नाही. त्याच लाव्हाझिएने १७८७ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह रसायनशास्त्राची नवी परिभाषा सिद्ध केली. शास्त्राची सुधारणा आणि त्याच्या भाषेची सुधारणा या गोष्टी अलग करता येत नाहीत, अशी त्याची धारणा होती.

या दृष्टीने मराठी संज्ञा तपासण्याजोगी आहे. १९४८ पूर्वी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता व तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होई. या नियमासाठी उर्दूत ‘बका’, म्हणजे टिकून राहणे, हा शब्द योजतात. हिंदीत ‘संरक्षण’ म्हणतात. मराठीतील ‘अक्षय्य’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. परंतु द्रौपदीची थाळी अक्षय होती ती अन्न न संपणारी म्हणून. नियमास असा पुरवठा अभिप्रेत नाही. त्यात क्षय नाही, तशी वृद्धीही नाही. संज्ञा अर्धाच अर्थ सांगते. उरलेला अर्धा आणि ‘बंदिस्त व्यवस्थेत’ ही अट व्याख्येने सांगावी लागते.

१९०५ नंतर वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते कळले, तरी रसायनशास्त्रात नियमास व्यवहारतः बाध येत नाही. १२ ग्रॅम कार्बन जळताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेशी तुल्य वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे २३ कोटींश असते. नेहमीच्या तराजूस ते जाणवणार नाही.

यास्तव संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र ती शिकविताना ‘घट नाही’ यासोबत ‘वाढही नाही’ हे सांगणे आणि हिशेबाची सीमा प्रथम आखणे आवश्यक आहे. एरवी विद्यार्थ्यास नियम मुखोद्गत होईल आणि भट्टीतील ४४ किलो मात्र त्याच्या लेखी ‘जळून गेलेले’च राहतील.