‘आमच्यावर प्रयोग करणार का?’

मुंबईचं केईएम किंवा जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं ‘मेडिकल’. अशा शिकवणाऱ्या रुग्णालयात माणूस दाखल झाला की नातेवाइकांना दोन भीती असतात. एक, शिकाऊ डॉक्टर आपल्या पेशंटवर हात बसवून घेतील. दुसरी, आत त्याच्यावर काहीतरी ‘प्रयोग’ होतील. पहिलीबद्दल पुन्हा कधीतरी. दुसऱ्या भीतीत थोडं तथ्य आहे, पुष्कळ ऐकीव आहे, आणि जिथे खरोखर सावध राहायला हवं त्या जागेकडे तिचं लक्षच नसतं.

‘संशोधन म्हणजे नवं औषध टोचून बघणं’

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी, एमएस करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. वॉर्डात कुणी डॉक्टर येऊन दहा प्रश्न जास्तीचे विचारतो, तपासणीसाठी रक्त काढतानाच आणखी थोडं मागतो, तीन महिन्यांनी फोन करून तब्येत विचारतो, तेव्हा बहुधा या प्रबंधाचंच काम चाललेलं असतं. त्यात सहसा कुणाचाही उपचार बदलत नाही. चाललेल्या उपचारांची नीट नोंद ठेवायची, इतकंच. यातले कित्येक प्रबंध पदवी मिळाल्यावर कपाटात धूळ खात पडतात ही तक्रार रास्त आहे. पण पेशंटच्या जिवाला धोका हा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.

उपचारांची तुलना करणाऱ्या चाचण्यांतही नवं औषध असतंच असं नाही. तोंडाच्या कॅन्सरचं बघा. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याच्या कृपेने आपल्याकडे हा आजार चिक्कार. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी गाठ काढतानाच मानेतल्या लसिका ग्रंथीही काढून टाकाव्यात, की वाट बघावी आणि तिथे गाठ आलीच तर दुसरं ऑपरेशन करावं? जगभरचे सर्जन यावर कित्येक दशकं वाद घालत होते. दोन्ही पद्धती रूढ होत्या, दोन्हींचे पुरस्कर्ते नामवंत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून याचा निकाल लावला. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. शंभरामागे बारा-तेरा माणसांचा फरक, आणि तो निव्वळ ऑपरेशन कधी करायचं यावरून पडलेला. या चाचणीत कुणालाही अनोळखी औषध दिलं गेलं नव्हतं. दोन्ही गटांना मिळालं ते एरवीही एखाद्या चांगल्या सर्जनने केलंच असतं.

‘हे सगळं कंपन्यांसाठी चालतं’

कंपन्यांच्या चाचण्या होतात, यात लपवण्यासारखं काही नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये आणि पुढच्याच महिन्यात केईएममध्ये कोविशिल्डच्या चाचणीतल्या सुया टोचल्या गेल्या, त्या सीरम इन्स्टिट्यूट आणि आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त चाचणीत. मोठ्या संख्येने आणि वेगवेगळ्या आजारांचे पेशंट याच रुग्णालयांत असतात, तेव्हा कंपन्या तिथे येणारच.

पण काही प्रश्न असे असतात की त्यांच्या उत्तराने कुठल्याच कंपनीचा फायदा होत नाही. लिडोकेन घ्या. दात काढताना हिरडीत देतात ते, स्वस्तातलं, जुनं, बधिर करणारं इंजेक्शन. स्तनातली कॅन्सरची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीभोवती दिलं तर ऑपरेशनच्या धक्क्याने कॅन्सरच्या पेशी शरीरात पसरण्याला आळा बसेल का, असा प्रश्न टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने घेतला. देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रिया या चाचणीत होत्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: इंजेक्शन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी हयात ९०.१ टक्के, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. या औषधावर पेटंट नाही, नफा नाही. मग असल्या चाचणीवर दहा-बारा वर्षं कोण घालवणार? सार्वजनिक पैशावर चालणारं, शिकवणारं रुग्णालयच.

त्याच रुग्णालयातलं दुसरं काम तर औषध विकणाऱ्याच्या थेट विरुद्ध जाणारं आहे. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध इतकं महाग की आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना त्याचं नावही काढता येत नाही. डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर डॉक्टरांनी तपासलं ते असं: गोळ्यांच्या स्वस्त उपचारांना जोड म्हणून हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी दिलं तर? एक वर्षाने हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्या औषधाचा दहावा हिस्सा पुरतो का, हे तपासायला कुठली कंपनी पैसे देईल?

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम तिथल्या रुग्णांमध्ये पाहिला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. त्यामुळे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या वनस्पतीकडे वेधलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

‘चिठ्ठ्या टाकून उपचार? हा काय जुगार आहे?’

सगळ्यात जास्त खटकते ती ही गोष्ट. आपल्या आईला कुठला उपचार मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, संगणक ठरवणार, हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. तरीही हे समजून घेण्यासारखं आहे.

समजा डॉक्टरने आपल्या मर्जीने निवड केली. नवा उपचार जरा धडधाकट पेशंटला दिला जातो, अगदी खंगलेल्याला जुनाच बरा असं वाटतं. हे मुद्दाम होतं असं नाही, आपसूक होतं. मग नव्या उपचाराचे पेशंट जास्त जगले तर श्रेय औषधाचं की त्यांच्या मुळातल्या ताकदीचं? चिठ्ठीमुळे दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, सशक्त-अशक्त साधारण सारखे वाटले जातात आणि फरक उरतो तो उपचाराचाच. इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरची चाचणी याच पद्धतीने झाली. १९४८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि तेव्हापासून ही रीत रुजली.

आणि चिठ्ठीला एक अट आहे. दोनपैकी कुठला उपचार चांगला हे खरोखरच माहीत नसेल, तरच ती टाकता येते. माहीत असताना टाकली तर तो गुन्हाच म्हणायला हवा.

पन्नासच्या दशकात क्षयरोग्याला घरातून उचलून मिरज, पाचगणीसारख्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये ठेवण्याची रीत होती. हवा, विश्रांती, सकस अन्न यांच्याशिवाय हा आजार बरा होत नाही, अशी डॉक्टरांचीही पक्की समजूत. खाटा मूठभर, रोगी लाखो. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्त्यांतल्या क्षयरोग्यांचे असेच चिठ्ठीने दोन गट केले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना आजार जास्त लागला, असंही दिसलं नाही. आज जगभर क्षयाचा उपचार घरी राहून होतो, त्याच्या मुळाशी मद्रासच्या त्या चिठ्ठ्या आहेत.

याला जोडूनच विचारतात: अर्ध्या लोकांना नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन मरू देतात का? वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ पासून आहे. त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत असं की, एखाद्या आजारावर सिद्ध झालेला उपचार असेल तर नव्याची तुलना त्याच्याशीच करायची. निष्क्रिय गोळी एरवी देतात ती बहुधा चालू उपचारांच्या जोडीला: दोन्ही गटांना नेहमीचं औषध, आणि वरून एकाला नवी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची.

‘डॉक्टरांना अनुभवाने कळतंच की’

एप्रिल २०२१ आठवतो? ‘अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा’ असे निरोप प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात फिरत होते. करोनातून बऱ्या झालेल्यांच्या मागे नातेवाईक हात जोडून लागले होते. खरं तर त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल ते जुलै २०२० या काळात, आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर याची चाचणी घेतली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला. न मिळालेल्यांत हे प्रमाण होतं १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापूनही आलं. तरीही देशाच्या अधिकृत उपचारसूचीतून प्लाझ्मा काढला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने सगळं उद्ध्वस्त केल्यावर.

मला विचाराल तर खरा बेलगाम प्रयोग हा होता. असंख्य माणसांवर, कुठल्याही समितीच्या मंजुरीशिवाय, कुठे नोंद न ठेवता, घरच्यांच्या खर्चाने. ‘माझ्या पेशंटला गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. पण तो पेशंट प्लाझ्माविनाही बरा झाला असता का, याचं उत्तर त्या अनुभवात नसतं.

‘एकदा सही केली की अडकलो’

इथे मात्र लोकांच्या भीतीला इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस एका प्रकल्पाखाली दिली गेली. त्यांतल्या सात मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असं चौकशीत निघालं. पण संमतीच्या अनेक कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, हेही निघालं. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१३ मध्ये औषधांच्या चाचण्यांवरून सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला फैलावर घेतलं.

त्या रेट्यातून आजचे, २०१९ चे, नियम आले. नव्या औषधाच्या चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात जण, त्यांत कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री हवीच. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचा. कुणाला गंभीर इजा झाली तर डॉक्टरने २४ तासांत कळवायचं. उपचार फुकट द्यायचे, आणि इजा चाचणीमुळे झाल्याचं ठरलं तर भरपाई द्यायची. लिहिता-वाचता न येणाऱ्याला समजावताना तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. आणि चाचणीतून कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

नियम चांगले आहेत. अडचण आहे ती वेळेची. संमतिपत्र पंधरा-वीस पानांचं, भाषा कोर्टातल्या कागदांसारखी, आणि समजावणारा रेसिडेंट रात्रभर जागलेला, बाहेर ओपीडीची रांग जिन्यापर्यंत. ‘इथे सही करा’ हे तीन शब्द त्यातून येतात. सावध राहायला हवं ते याच जागी.

आणि समितीची मंजुरी मिळाली म्हणजे वाद मिटतात असंही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून बारा वर्षं दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरसारख्या द्रावाने दर दोन वर्षांनी केली. त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गरीब देशांसाठी ही मोठीच गोष्ट. पण तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना उरलेल्या निम्म्यांना नुसती माहिती देऊन का ठेवलं, असा सवाल जाणकारांनी केला. एरवीही देशात त्यांची तपासणी होतच नव्हती, हे संशोधकांचं उत्तर. हे उत्तर मला खरं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही.

उलट टोकाचा एक गैरसमजही आहे: चाचणीत शिरलो की सगळ्यात भारी औषध मिळणार. भारी आहे की नाही हेच तर तपासायचं असतं. ‘नवीन’ म्हणजे ‘चांगलं’ हे गृहीत धरून सही करू नये. तपासण्या आणि चाचणीतलं औषध फुकट असतं, जाण्यायेण्याचा खर्चही सहसा मिळतो, पण तेवढ्यासाठी हो म्हणू नये.

तेव्हा कुणी संमतिपत्र पुढे केलं तर इतकं करा. चाचणीत आलो नाही तर मला कुठला उपचार मिळेल, हे आधी विचारा. कागद घरी नेऊन, कळत्या माणसाला दाखवून मग ठरवा. तातडीची वेळ नसेल तर तसं करायचा तुम्हाला हक्क आहे. नीतिसमितीचा फोन नंबर त्यावर छापलेला असतो, तो शोधा. औषधाच्या चाचणीची नोंद सरकारी सीटीआरआय यादीत असावी लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. तो नोंदणी क्रमांक मागा. आणि हो म्हणालात, तर सही केलेल्या कागदाची एक प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.