वादळ, भरती आणि समुद्राची पातळी



जालन्याच्या श्रोत्यांपुढे समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे धाडसच. येथून जवळात जवळचा किनारा तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या गावाला ‘सोन्याचा पाळणा’ म्हणत आले. त्या पाळण्याला दोरी बाजारपेठेची होती, समुद्राची नव्हे. तेव्हा ‘आम्हांला भरती-ओहोटीशी काय कर्तव्य?’ असा प्रश्न आपणांपैकी कोणाच्या मनात आला, तर तो वाजवीच आहे. त्याचे उत्तर मी आपल्याच रेल्वे स्थानकावरून देतो. फलाटाच्या टोकाला जी पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण ती शेकडो वेळा वाचली असेल. पण समुद्र तर क्षणभरही सपाट नसतो. तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. मग ही ‘सपाटी’ कोणी, कोठे आणि कशी ठरविली?

ती ठरली किनाऱ्यावरच्या भरतीमापक यंत्रांनी. कराची, मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा एकंदर नऊ बंदरांत समुद्राची पातळी वर्षानुवर्षे तासातासाने टिपली गेली, तिची सरासरी काढली गेली आणि तेथून भारतीय सर्वेक्षण विभागाने दुर्बिणी व मोजपट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्याने ती उंची देशभर आत आणली. 1909 साली हे जाळे पुरे झाले. म्हणजे जालन्याच्या पाटीवरील आकडा हा मूळचा समुद्राचा आकडा आहे. ज्या यंत्राने आपली उंची ठरविली, तेच यंत्र वादळाच्या रात्री किनाऱ्यावरच्या माणसाचे प्राण वाचविण्याच्या कामी येते. आजचा विषय तोच.

हे यंत्र समजण्यास अगदी सोपे आहे. धक्क्याला लागून एक उभी विहीर अथवा जाड नळ बांधतात आणि त्याच्या तळाशी समुद्राकडे उघडणारे लहानसे भोक ठेवतात. भोक लहान असल्यामुळे बाहेरच्या लाटांची उसळी आत पोहोचत नाही; आत फक्त पाण्याची खरी पातळी सावकाश चढते-उतरते. पाण्यावर एक तरंगता गोळा, त्याला तार, तारेला लेखणी आणि लेखणीखाली घड्याळाच्या चालीने फिरणारा कागदाचा दंडगोल. मुंबईच्या अपोलो बंदरावरील अशा नोंदी 1878 पासूनच्या आहेत. जगातल्या जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. आज लेखणीच्या जागी पाण्यावरून परावर्तित होणारे रडारचे किरण किंवा दाब मोजणारी उपकरणे आली आणि आकडे उपग्रहामार्फत थोड्याथोड्या मिनिटांनी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात पोहोचतात. पण तत्त्व तेच आहे: लाट वगळायची, पातळी धरायची.

हा लाट आणि पातळी यांतला भेद आपण लक्षात ठेवावा, कारण वृत्तपत्रे तो वारंवार विसरतात. ‘आज मुंबईच्या समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ असे आपण पावसाळ्यात वाचतो. तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीचा असतो. शिवाय तो समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो, तर नाविकांच्या नकाशावरील शून्यापासून, म्हणजे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीच्या आसपासून, मोजलेला असतो. मुंबईला हे शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणून साडेचार मीटरची भरती ही सपाटीच्या वर सुमारे दोनच मीटर असते. घाबरण्याजोगी गोष्ट तेवढी नाही. पण तिच्यावर दुसरे काही येऊन बसले, तर मात्र आहे.

ते दुसरे काय, हे पाहण्यापूर्वी भरतीचे गणित पाहू. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने भरती येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकी पुढे सरकते. अमावास्येला व पौर्णिमेला दोघांचे बळ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ते आडवे येते, तेव्हा भांग. कोकणातल्या कोळ्याला यासाठी पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढे त्याला ठाऊक असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शास्त्रज्ञांनी हेच काम सूक्ष्मपणे केले. लॉर्ड केल्विन यांनी 1872 च्या सुमारास दाते-कप्प्यांचे भरती वर्तविणारे यंत्र तयार करविले, आणि 1879 साली भारतीय बंदरांसाठी असेच एक यंत्र लंडनमध्ये बनले. चंद्र-सूर्याच्या प्रत्येक चालीला एक चाक. सर्वांची बेरीज म्हणजे वर्षभराच्या भरतीचे कोष्टक.

आता वादळ आले असे समजा. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबार उतरला, की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर उचलला जातो. पण हा वाटा लहान आहे. मोठा वाटा वाऱ्याचा. ताशी शंभर-दोनशे किलोमीटरांचा वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे लोटीत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत वाहून जाते; उथळ असेल तर त्याला परतवाट मिळत नाही आणि ते किनाऱ्यावर साचते. परातीतल्या पाण्यावर जोराने फुंकर घाला, पलीकडच्या काठावर पाणी चढेल. खोल बादलीत तसे होत नाही. हे चढलेले पाणी म्हणजे वादळी उसळ. ती लाटेप्रमाणे फुटून मागे जात नाही. पातळीच वर येते, आणि त्या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन लाटा घरांत शिरतात.

ही उसळ मोजतात कशी? साध्या वजाबाकीने. कोष्टक सांगते, ‘या घटकेला पाणी तीन मीटर असावे.’ भरतीमापक सांगतो, ‘चार मीटर आहे.’ उरलेला एक मीटर वादळाचा. वादळ दूर असतानाच ही बाकी वाढू लागली, की जाणकार सावध होतात. पण नुसत्या मोजणीने भागत नाही, कारण पाणी आल्यावर माणसे हलविता येत नाहीत. म्हणून वादळाचा मार्ग, वेग, दाब आणि समुद्रतळाचा उतार यांवरून आधीच आकडेमोड करतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अशी गणिती पद्धत विकसित झाली व ती हवामान विभागाने वापरली. यंत्राचा आकडा मग या भाकिताला कसोटी म्हणून उपयोगी पडतो.

एक ताजे उदाहरण घेऊ. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आले. वेळ दुपारी साडेबारा ते अडीच. ज्येष्ठ पौर्णिमा 5 जूनला होती; म्हणजे दिवस द्वादशी-त्रयोदशीचा, उधाणाच्या तोंडचा. आता पाऊणपट करा. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येऊन गेली होती आणि वादळ ओहोटीत आले. तेच वादळ चार तास आधी किंवा आठ तास नंतर येते, तर त्याची उसळ उधाणाच्या माथ्यावर बसली असती. दुसरी गोष्ट दिशेची. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरते. त्यामुळे ईशान्येकडे जाणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूस वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, डाव्या बाजूस जमिनीकडून समुद्रावर जातो. मुंबई डाव्या बाजूस राहिली. रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांनी मात्र नारळी-पोफळी गमावून त्या दिवसाची किंमत दिली. मुंबई सुटली ती आपल्या तयारीमुळे थोडी आणि घड्याळ व होकायंत्र यांच्या कृपेने अधिक. या कृपेवर दरवेळी विसंबता येत नाही. कारण मुंबईसमोरचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि 26 जुलै 2005 ला वादळ नसतानाही सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस व 4.48 मीटरची भरती एकत्र आल्यावर काय झाले, ते आपण जाणतो. भरती असता नाल्यांची तोंडे समुद्रच बंद करतो.

बंगालच्या उपसागरावर ही कृपा अनेकदा झाली नाही. तेथे वादळे अधिक, समुद्र उथळ आणि वरच्या टोकाला नरसाळ्यासारखा निमुळता. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री आजच्या बांगलादेशात उसळ आणि भरती एकाच वेळी आली. निदान तीन लाख माणसे गेली. 19 नोव्हेंबर 1977 ला आंध्रात कृष्णेच्या मुखाजवळ दिवीसीमेत सुमारे दहा हजार. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशात पुन्हा तितकीच. या प्रत्येक ठिकाणी वाऱ्याने मारली त्यांहून कितीतरी अधिक माणसे पाण्याने मारली.

आणि हा उपसागर आपल्याला परका नाही. आपली कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. म्हणजे जालन्याच्या पुलाखालून गेलेले पाणी शेवटी गोदावरीच्या मुखाशी पोहोचते. त्याच मुखाजवळचे कोरिंगा बंदर 1789 आणि 1839 साली वादळी उसळीने उद्ध्वस्त झाले. वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणारे हेन्री पिडिंग्टन यांनी अशा हकीकती जमविल्या, आणि 1853 मध्ये लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहून बजाविले की, बंगालमध्ये मातला नदीवर नवे बंदर बांधाल तर एके दिवशी ते पाण्याखाली जाईल. बंदर बांधले गेलेच. 1867 च्या वादळाने ते मोडले. इशारा होता, आधारही होता, ऐकणारा नव्हता.

ऐकले म्हणजे काय होते, हेही ओडिशानेच दाखविले. 12 ऑक्टोबर 2013 ला ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा आधीच सुमारे दहा लाख लोकांना हलविले होते. बळींची संख्या हजारांत गेली नाही, काही दहांतच राहिली. 1999 आणि 2013 यांमध्ये समुद्र बदलला नाही. इशारा माणसापर्यंत पोहोचण्याची रीत बदलली.

वादळ ओसरल्यावर एक काम उरते. पुष्कळदा ऐन माथ्याच्या घटकेलाच यंत्र बंद पडते किंवा वाहून जाते. मग सर्वेक्षक गावोगाव हिंडून भिंतीवरील ओल्या रेघा, झाडांत अडकलेले गवत, देवळाच्या पायरीवरचा गाळ शोधतात आणि जवळच्या खुणेच्या दगडापासून त्यांची समुद्रसपाटीवरील उंची मोजतात. पुढच्या घराचे जोते किती उंच असावे, निवारा कोठे बांधावा, हे या रेघांवरून ठरते. जालन्यात तयार झालेले लोखंड किनाऱ्यावरच्या घरांतही उभे राहते. त्या घराचे जोते या रेघेच्या खाली राहिले, तर आपल्या लोखंडाचा काही उपयोग नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले मुंबईला नोकरीस आहेत, त्यांनी तर इशाऱ्यात दोन गोष्टी वेगळ्या वाचाव्या: वारा किती, आणि भरतीच्या वर पाणी किती. पहिल्याने छप्पर जाते. दुसऱ्यासाठी घर सोडावे लागते.

पुढल्या खेपेस गाडीची वाट पाहताना त्या पिवळ्या पाटीकडे पाहाल, तेव्हा एवढे आठवावे की, तो आकडा येथवर आणण्यासाठी किनाऱ्यावर कोणीतरी वर्षानुवर्षे, रात्रंदिवस, वादळातही, पाण्याकडे पाहत बसले होते. आज ते काम यंत्र करते. पण त्याने सांगितलेला आकडा वाचून उंचावर जाण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते.