मत्स्यशोधक यंत्राचे ध्वनिशास्त्र आणि खान्देशातील जलाशय

सागरी मासेमारीत मत्स्यशोधक यंत्र, म्हणजेच फिश फाइंडर, आता नवलाचे राहिलेले नाही. जपानमधील फुरुनो बंधूंनी ते १९४८ मध्ये व्यवहारात आणले. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील हतनूर, वाघूर, अक्कलपाडा यांसारख्या जलाशयांवर होडी व जाळ्याच्या आधारे उपजीविका करणाऱ्यांनी त्यावर पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न मात्र वेगळा असून त्याचे उत्तर यंत्राच्या कार्यपद्धतीतच शोधावे लागते.

होडीच्या तळाशी बसविलेला संवेदक उच्च वारंवारितेचा ध्वनी पाण्यात सोडतो व परतणारा प्रतिध्वनी टिपतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने १० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी ०.०१३ सेकंदात परततो. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसे भिन्न नसते. प्रतिध्वनी उमटतो तो मुख्यतः त्याच्या शरीरातील वाताशयामुळे. कटला, रोहू, मृगळ पडद्यावर दिसतात ते याच कारणाने. तेथे दिसणारी कमान म्हणजे माशाचा आकार, हा समज चुकीचा आहे. होडी पुढे सरकताना मासा ध्वनिशंकूच्या कडेला असता अंतर अधिक, मध्यभागी कमी व पुन्हा अधिक भरते. त्यातून कमान तयार होते.

यंत्राची खरी मर्यादा उथळ पाण्यात जाणवते. २० अंशांचा ध्वनिशंकू ३० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर रुंद होतो. ५ मीटर खोलीवर तो जेमतेम पावणेदोन मीटर भरतो. म्हणजे होडीखालची अरुंद पट्टीच दिसते आणि तेथील मासे होडीच्या चाहुलीने आधीच बाजूला झालेले असतात. तळालगतच्या माशाचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो. पाणवनस्पतींत दडणारी मरळ तर ओळखू येणेच कठीण. तेव्हा केवळ मासे शोधण्यासाठी हे यंत्र घेणे येथे फारसे लाभदायक ठरणार नाही.

तथापि त्याचा दुसरा उपयोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. तापी व पूर्णा या दोन्ही नद्यांचा गाळ हतनूरमध्ये साचून त्याची साठवणक्षमता घटली आहे. जुन्या मच्छीमारास पाठ असलेला तळ त्यामुळे बदलत राहतो. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर ५० किलोहर्ट्झचा काही प्रमाणात गाळात शिरतो. दोन्ही वारंवारितांच्या नोंदी पडताळल्यास गाळाच्या थराचा अंदाज येतो. बुडालेली खोडे व नदीचे जुने, खोल पात्रही दिसते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मासे अशाच खोल भागाकडे सरकतात, तर खोडांत अडकून जाळी फाटतात. एका होडीवरील यंत्राने पावसाळ्यानंतर एकदा असा तळनकाशा केला, तर तो संस्थेच्या सर्व सभासदांना वर्षभर वापरता येईल; पुढील पुरानंतर मात्र तो नव्याने करावा लागेल.