अंतर, वेग आणि भेटीची उदाहरणे

अंतर, वेग आणि भेटीची उदाहरणे हा बीजगणितातील शाब्दिक उदाहरणांचा एक प्रकार आहे. दोन प्रवासी किंवा वाहने परस्परांना कधी व कोठे भेटतील, अथवा मागून निघालेला पुढच्यास केव्हा गाठेल, हे त्यांत काढावयाचे असते. भौतिकशास्त्रात चाल व वेग भिन्न मानतात. या उदाहरणांत मात्र ‘वेग’ हा शब्द सामान्यतः चाल याच अर्थाने येतो.

मूलतत्त्व

अंतर = वेग × वेळ हा संबंध सर्व उदाहरणांचा पाया आहे. समीकरण मात्र समानतेतून मिळते. म्हणून भेटीच्या क्षणी दोघांची कोणती राशी समान आहे, हे प्रथम ओळखावे लागते. एकाच वेळी समोरासमोर निघालेल्यांच्या प्रवासाचा वेळ समान असतो. एकाच ठिकाणाहून मागेपुढे निघालेल्यांनी भेटीपर्यंत कापलेले अंतर समान असते, वेळ नव्हे.

समोरासमोर प्रवास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ते पुणे हे रस्त्याने सुमारे १२० कि.मी. अंतर आहे. अहिल्यानगरहून ताशी ४५ कि.मी. वेगाने एक बस व पुण्याहून ताशी ५५ कि.मी. वेगाने एक मोटार एकाच वेळी निघाली, असे मानू. भेटीपर्यंतचा वेळ क्ष तास घेतल्यास,

४५क्ष + ५५क्ष = १२०, म्हणून क्ष = १.२

अर्थात १ तास १२ मिनिटांनी, अहिल्यानगरपासून ५४ कि.मी. अंतरावर, साधारणतः शिरूरच्या आसपास त्यांची भेट होईल. १.२ तास म्हणजे १ तास २० मिनिटे नव्हे. दशांश भागास ६० ने गुणून मिनिटे काढावी लागतात.

पाठलाग

एक बस सकाळी ७ वाजता ताशी ४० कि.मी. वेगाने निघाली व त्याच ठिकाणाहून त्याच दिशेने ७.३० वाजता ताशी ६० कि.मी. वेगाने मोटार निघाली. मोटारीच्या प्रवासाचा वेळ क्ष तास असल्यास बसचा वेळ क्ष + ०.५ तास होतो.

६०क्ष = ४०(क्ष + ०.५), म्हणून क्ष = १

मोटार ८.३० वाजता, ६० कि.मी. अंतरावर बसला गाठेल. दोन्हींचा वेळ क्ष धरल्यास ६०क्ष = ४०क्ष, म्हणजे क्ष = ० असे निरर्थक उत्तर येते.

दोन्ही वेग अज्ञात असल्यास

१२० कि.मी. अंतरावरील दोन वाहने एकाच वेळी समोरासमोर निघाल्यास १.२ तासांत भेटतात; एकाच दिशेने निघाल्यास वेगवान वाहन दुसऱ्यास १२ तासांत गाठते. वेग क्ष व य मानल्यास क्ष + य = १०० आणि क्ष − य = १०. यावरून क्ष = ५५, य = ४५. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणात ही रीत उपयोगी पडते.

इतिहास

आर्यभटाने ‘आर्यभटीय’ (इ.स. ४९९) ग्रंथाच्या गणितपादात हा नियम दिला आहे: विरुद्ध दिशांनी येणाऱ्यांमधील अंतरास वेगांच्या बेरजेने, तर एका दिशेने जाणाऱ्यांमधील अंतरास वेगांच्या वजाबाकीने भागले असता भेटीचा वेळ मिळतो. ग्रहांच्या युतीची वेळ काढण्यासही तो लागू पडतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) मोर व साप यांचे उदाहरण आहे. ९ हात उंच खांबाच्या पायथ्याशी बीळ असून साप तेथून २७ हातांवर आहे. खांबावरील मोर समान वेगाने सापावर झेपावतो, म्हणून दोघांनी कापलेली अंतरे समान होतात. बिळापासून भेटीचे अंतर क्ष हात घेतल्यास पायथागोरसच्या प्रमेयाने ८१ + क्ष² = (२७ − क्ष)² हे समीकरण मिळते व क्ष = १२ येतो.